संस्थेच्या हितचिंतकांसाठी ऑनलाइन दुकान काढायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

नीलपंख

नमस्कार मंडळी.

आम्ही जखमी आणि घरट्यातून पडलेल्या पक्ष्यांवर उपचार करणारं एक छोटं केंद्र चालवतो. पगारी माणूस एकच, बाकी सगळे नोकरी-संसार सांभाळून येणारे स्वयंसेवक. खर्च देणग्यांवर भागतो, आणि पिल्लांचा हंगाम आला की ओढाताण ठरलेली. औषधं, खाद्य, पिंजऱ्यांच्या जाळ्या, सगळं एकदमच लागतं.

आमच्याकडे उपचाराला आलेल्या एका गव्हाणी घुबडाचं चित्र आमच्या एका स्वयंसेविकेनं काळ्या पेनानं काढलं. नुसत्या रेघा आहेत, पण तो बदामासारखा चेहरा आणि डोळे इतके जिवंत उतरलेत की बातमीपत्रात छापल्यापासून लोक मागेच लागलेत. टी-शर्ट काढा, पिशवी काढा, कॅलेंडर काढा. हे सगळे आमचे जुने हितचिंतक आहेत. दरवर्षी न चुकता पैसे पाठवणारे, कुठे पक्षी सापडला की खोक्यात घालून घेऊन येणारे. त्यांच्या हातात आमची एखादी वस्तू असावी असं आम्हालाही मनापासून वाटतं.

पण कार्यकारिणीत तीन तोंडं तीन दिशांना आहेत. एकांचं म्हणणं, ५०० टी-शर्ट एकदम छापून घ्या, नगाचा दर बराच खाली येतो. दुसऱ्यांना मग, टोप्या, किचेन, स्टिकर असं भरलेलं दुकान हवंय. तिसरे म्हणतात दुकानबिकान काही नको, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊ आणि वहीत लिहून ठेवू.

मला कळत नाहीये ते असं. वेबसाइट स्वतःची करावी की तयार ठिकाणी दुकान थाटावं? माल आधी करून ठेवावा की मागणी येईल तसा? साइझचा अंदाज कसा बांधतात? किंमत किती ठेवली तर लोकांना जड होणार नाही आणि आमच्याही हाती काही उरेल? आणि सर्वांत मोठी काळजी, पार्सलं कोण बांधणार? आमच्याकडे मोकळा हात कुणाचाच नाही. पक्ष्यांच्या वेळेतून वेळ काढून पिशव्यांवर पत्ते चिकटवायला लागलो तर ते मला पटणार नाही.

कुणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा, ही विनंती.

गिरकी

नीलपंख, तुमची शेवटची काळजी वाचून पहिलं उत्तर हेच सुचलं: मागणीनुसार छपाई. तुम्ही फक्त चित्र चढवायचं. गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली की कंपनी तो एकच नग छापते, बांधते आणि थेट त्याच्या पत्त्यावर पाठवते. तुम्ही पार्सलला हातही लावत नाही. ही कल्पना नवी नाही, कॅफेप्रेस १९९९ पासून हेच करत आलंय. प्रिंटफुल २०१३ चं. ते तुमच्या स्वतःच्या शॉपिफाय किंवा वूकॉमर्सच्या (ही ऑनलाइन दुकान उभारायची साधनं) दुकानाला मागून जोडता येतं. रेडबबलसारख्या ठिकाणी मात्र दुकान त्यांचं आणि गिऱ्हाईकही त्यांचंच. विकत कुणी घेतलं त्याचा ईमेल तुमच्यापर्यंत येत नाही. हितचिंतकांशी नातं जपायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर बसणारं फुकटचं प्लगइन आहे, २०११ पासूनचं. पण फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट. होस्टिंग, अपडेट, बॅकअप, सुरक्षितता हे सगळं तुमच्या गळ्यात. शॉपिफायला महिन्याचं भाडं आहे, पण ही कटकट त्यांच्याकडे. वर्डप्रेस जाणणारा भरवशाचा माणूस संस्थेत नसेल तर भाडं भरा, असं मी म्हणेन.

दुकान कुठेही काढा, उघडण्याआधी स्वतःच्या कार्डानं खरी ऑर्डर देऊन पाहा, मग ती रद्द करून पैसे परत येतात का तेही पाहा. आणि डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर तुमच्याकडूनच आल्याची खूण पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्या, नाहीतर ऑर्डरच्या पावत्या लोकांच्या स्पॅममध्ये पडतात आणि दुसऱ्या दिवशी "पैसे गेले, पावती नाही" अशा मेलांची रांग लागते.

शाईवाला

मी स्क्रीन प्रिंटिंगमधला माणूस आहे. आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या टी-शर्ट-पिशव्यांचं ऑनलाइन दुकानही मीच सांभाळतो. त्यामुळे छापणारा आणि विकणारा या दोन्ही बाजूंनी लिहितो. थोडं लांबेल.

नीलपंखताई, माझं एकच सांगणं आहे. दुकान बाराही महिने उघडं ठेवू नका. वर्षातून दोनदा उघडा, पंधरा-वीस दिवस ऑर्डरी घ्या, पैसे आधी घ्या, दुकान बंद करा, मग मोजून तेवढंच छापा आणि एका शनिवार-रविवारी सगळे मिळून बांधून टाका. तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं यात येतात. साइझचा अंदाज बांधायचा नाही, कारण लोकांनीच साइझ सांगितलेला असतो. भांडवल अडकत नाही. माल पडून राहत नाही. आणि पार्सलांचं काम वर्षभर ठिबकत न राहता दोन दिवसांत आटोपतं.

अनोळखी गिऱ्हाईक असतं तर हे चाललं नसतं. त्याला आज हवं ते परवा दारात लागतं. पण तुमचे हितचिंतक टी-शर्टाची गरज आहे म्हणून घेणार नाहीत, तुमचं काम त्यांना आपलं वाटतं म्हणून घेणार आहेत. ते सहा आठवडे आनंदानं थांबतात. अट एकच, कधी मिळणार ते पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा आणि मधे गप्प बसू नका. ऑर्डरी बंद झाल्यावर एक मेल, छपाई सुरू असताना फोटोसकट एक मेल, पार्सल निघाल्यावर ट्रॅकिंग नंबरासकट एक. आमच्याकडे एकदा कापडच उशिरा आलं. त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं, नवी तारीख दिली आणि हवे असतील तर पैसे परत घ्या असंही लिहिलं. कुणाची तक्रार आली नाही. लोक उशीर सोसतात, अंधारात ठेवलेलं सोसत नाहीत.

आता ५०० टी-शर्टांचं. दर का उतरतो ते समजून घेतलंत तर कार्यकारिणीत सांगणं सोपं जाईल. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी लागते. चित्राचं पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरची काळी प्रत) काढायचं, स्क्रीनवर इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा लेप) चढवायचं, उजेडात एक्स्पोज करायचं, धुवायचं, मशीनवर जुळवायचं. हा खर्च एक नग छापा की हजार, तेवढाच. तो जितक्या नगांत वाटला जाईल तितका दर कमी. म्हणजे सुरुवातीला दर झपाट्यानं पडतो आणि मग जवळजवळ सपाट होतो, कारण पुढे खर्च उरतो तो कापडाचा आणि मजुरीचा. तुमचं चित्र एकरंगी आहे. एकच स्क्रीन. त्यामुळे शंभर नगांतही तुम्हाला ठीकठाक दर मिळेल. पाचशेच्या मोहात चारशे टी-शर्ट खोलीत पडून राहिले, तेही सगळे एक्सएस आणि थ्रीएक्सएल, तर स्वस्तात पडलेला तो टी-शर्ट सर्वांत महाग ठरतो.

एकरंगी चित्र हे तुमचं नशीब समजा आणि ते तसंच राहू द्या. फिक्या कापडावर काळी शाई, बस. गडद कापडावर छापायचं म्हणाल तर काळ्या रेघांचं घुबड दिसणारच नाही. उलटं करून पांढऱ्या रेघांत छापलंत तर ते घुबडाच्या फोटोची निगेटिव्ह असल्यासारखं दिसेल, त्या चेहऱ्याची सगळी जादू जाईल. गडद कापडावर रंगीत छापायचं तर आधी खाली पांढरा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक स्क्रीन.

पेनाच्या रेघा किती बारीक आहेत ते बघा. मूळ चित्र छापायच्या मापात आणल्यावर एक पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कापडावर धरवत नाही. पिसांच्या कडेच्या रेघा तुटतात, आणि जिथे रेघा दाट आहेत तिथे शाई भरून डाग होतो. तुमच्या स्वयंसेविकेला म्हणावं, कापडासाठी हेच चित्र थोड्या जाड रेघांत पुन्हा काढ. संगणकावर रेघा फुगवून चालत नाही. डोळ्यांभोवतीचं मोकळं अंतर आधी बुजतं आणि चेहरा थोराड होतो. मग ते खऱ्या मापात साध्या कागदावर छापून कुणाच्या तरी छातीवर टाचणीनं लावा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. पडद्यावर कितीही बघितलंत तरी माप कळत नाही.

छापणाऱ्याकडून नमुना घ्याच. प्लास्टिसॉल (उष्णतेनं पक्की होणारी प्लॅस्टिकची) शाई असेल तर ती साधारण १६० अंश सेल्सियसला पूर्ण भाजली जावी लागते, आणि तीही नुसती वरून नाही, थराच्या तळापर्यंत. कच्ची राहिली तर हाताला कोरडी लागते, दिसतेही झकास, आणि चार धुण्यांत तडकते. तपासायची रीत सोपी आहे. छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणा. शाई कापडाबरोबर ताणली आणि परत आली तर पक्की. भेगा पडल्या तर कच्ची. मग तो नमुना घरी नेऊन चांगला पाच-सहा वेळा धुवा. घुबडाचा चेहरा तडकलेला टी-शर्ट तुमचा हितचिंतक टाकून देणार नाही, तक्रारही करणार नाही, कारण तुमच्याबद्दल त्याला माया आहे. पण पुढच्या वेळी घेणार नाही, आणि का ते तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून हे आधी बघायचं.

गिरकी म्हणतात ती मागणीनुसार छपाई मी वाईट म्हणत नाही. पण त्यात नगाला खर्च जास्त पडतो, तुमच्या हाती कमी उरतं, आणि वस्तू तुमच्या नजरेखालून न जाता थेट लोकांच्या हातात पडते. छपाईत दोष असेल तर बहुतेक कंपन्या बदलून देतात, गिऱ्हाइकानंच साइझ चुकीचा निवडला असेल तर सहसा देत नाहीत. आणि तो माणूस बोलणार तुमच्याशी, कंपनीशी नाही.

किती वस्तू? पहिल्या खेपेला दोन. टी-शर्ट आणि कापडी पिशवी. एकाच चित्राची, शक्य तर एकाच स्क्रीनवर बसेल अशा मापाची, म्हणजे स्क्रीनचा खर्च दोघांत वाटला जातो. पिशवीला साइझ नसतो, त्यामुळे ती भेट म्हणूनही घेतली जाते. मगांच्या वाटेला जाऊ नका. छापणं सोपं आहे, पाठवणं जिकिरीचं. फुटतात, आणि न फुटावेत म्हणून खोकं मोठं होतं. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००, हा बऱ्याच ठिकाणचा हिशेब. पोस्टरचंच बघा. १७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम) कागदाचं ए-टू पोस्टर भरतं ४०-४५ ग्रॅम. ते ज्या नळीतून जातं ती ६५ बाय ८ बाय ८. गुणून भागलंत की ०.८३ किलो. पाऊण किलोवर हवा पाठवल्याचे पैसे! त्यापेक्षा ए-फोर मापाची प्रिंट, मागे कडक पुठ्ठा, सपाट पाकीट. टी-शर्ट-पिशवीला तर साधी प्लॅस्टिकची किंवा कागदी कुरिअर बॅग पुरते.

व्हॉट्सॲप आणि वही मात्र नकोच. पहिल्या वीस ऑर्डरी मजेत जातात. त्यानंतर "मी एल सांगितलं होतं, एम आला" हे निवारायला कुणाकडेच पुरावा नसतो. शिवाय लोकांचे पत्ते आणि फोन नंबर चार जणांच्या मोबाइलमध्ये पसरतात. ऑर्डर, पत्ता आणि पैसे एका जागी नोंदले गेले पाहिजेत.

जमाखर्च

मी दोन संस्थांचे हिशेब बघते. शाईवाल्यांनी छपाईचं सांगितलं, मी पैशांचं सांगते.

देणगी आणि विक्री यांची सरमिसळ पहिल्या दिवसापासून होऊ देऊ नका. पैसे देऊन वस्तू घेतली ती खरेदी. त्यावर देणगीची पावती फाडायची नाही. कुणाला टी-शर्टाच्या पैशांवर जास्तीचे द्यायचे असतील तर चेकआउटच्या पानावर देणगीची वेगळी ओळ ठेवा, म्हणजे हिशेबातही वेगळं पडतं आणि पावतीही वेगळी जाते. संस्था ना-नफा आहे म्हणून विक्रीवर कर लागणारच नाही असं धरून चालू नका. हा प्रश्न दुकान उघडण्याआधी तुमच्या लेखापरीक्षकाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता किंमत. लोकांना जड होईल या भीतीनं संस्था किंमत इतकी खाली ठेवतात की हाती काहीच लागत नाही, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण राबणारी माणसं तीच असतात. आकडे धरून दाखवते. समजा टी-शर्ट छापून हातात यायला १०० लागले, पिशवी-लेबलचे ६, टपालाचे ४० जे गिऱ्हाईक वेगळे देतं, आणि पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीची) कपात ३ टक्के. ही कपात टपाल धरून एकूण रकमेवर होते, हे बरेच जण विसरतात. किंमत १३० ठेवलीत तर १७० वर कपात ५.१०, तुमच्याकडे राहिले साधारण १९. त्यात एक पार्सल गहाळ झालं आणि तुम्ही दुसरा टी-शर्ट स्वखर्चानं पाठवलात की १४६ गेले. म्हणजे आठ टी-शर्टांची कमाई एका पार्सलात साफ. किंमत २०० ठेवा. २४० वर कपात ७.२०, उरतात जवळपास ८७. तेच गहाळ पार्सल आता दोन टी-शर्टांत भरून निघतं. म्हणून उत्पादनखर्चाच्या दुप्पट ही हाव नाही, ती तग धरण्यापुरती किंमत आहे.

गेटवेचे पैसे लगेच खात्यात येत नाहीत, काही दिवस लागतात. नव्या खात्याला तर कधी कधी जास्तच. छपाईवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची तारीख त्या अंदाजानं ठरवा. आणि कार्डाची माहिती तुमच्या साइटवर टाइप होऊ देऊ नका. पैसे भरायचं पान गेटवेचंच असू द्या, म्हणजे कार्डाचे नंबर तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. कुणी बँकेकडे "हा व्यवहार मी केलाच नाही" म्हणून तक्रार केली तर बँक पैसे काढून घेते आणि पुरावा तुमच्याकडे मागते. ऑर्डरचा मेल आणि पार्सल पोचल्याची ट्रॅकिंगची नोंद जपून ठेवा. बँकेच्या उताऱ्यावर संस्थेचं नाव ओळखू येईल असं लावून घ्या. अर्ध्या तक्रारी निव्वळ नाव न ओळखल्यामुळे होतात, असा माझा अनुभव.

रानवाट

मी विकत नाही, घेते. अशा छोट्या संस्थांचं जे निघेल ते जमेल तसं घेत असते, म्हणून त्या बाजूनं दोन शब्द.

साइझला एम-एल लिहून भागत नाही. एकाचा एम दुसऱ्याचा एस असतो. टी-शर्ट टेबलावर सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत किती सेंटिमीटर आणि खांद्यापासून खाली किती, एवढे दोन आकडे प्रत्येक साइझपुढे द्या. सोबत लिहा, "तुमचा आवडता टी-शर्ट असाच मोजून बघा." मी तरी हे दिसलं की बिनधास्त ऑर्डर देते. आणि टी-शर्टचा फोटो माणसाच्या अंगावरचा द्या, वेगवेगळ्या बांध्यांच्या. तुमच्या स्वयंसेवकांनीच घालून उभं राहावं. मला मॉडेल नको, पिंजरे धुणारी ती मुलगी त्या टी-शर्टात बघायला आवडेल.

दुसरं, पैशांचं काय होणार ते नेमकं सांगा. "संस्थेच्या कार्याला हातभार" असं वाचलं की मन पुढे सरकत नाही. "या खेपेची शिल्लक उडायला शिकणाऱ्या घुबडांच्या मोठ्या पिंजऱ्याच्या जाळीसाठी" असं वाचलं की मी पिशवी दोन घेते. आणि नंतर जाळी बसली की तिचा फोटो पाठवा. जमाखर्चताई म्हणतात ती देणगीची वेगळी ओळ मी दर वेळी भरते, तीही अशाच ठिकाणी.

पार्सलात छापील आभारपत्र टाकता आलं तर टाका. त्या घुबडाची गोष्ट चार ओळींत. कुठे सापडलं, काय झालं होतं, पुढे काय झालं. अशी कार्डं मी कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवते.

नीलपंख

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं काल रात्री कार्यकारिणीला वाचून दाखवलं. ५०० वाल्यांनी स्क्रीनचा हिशेब ऐकल्यावर हट्ट सोडला. वर्षातून दोन खेपा, दोन वस्तू, पैसे आधी, हे ठरलं. घुबडाची गोष्टही कार्डावर देतोय. ते बरं होऊन उडालं, त्यामुळे ती लिहायला सगळ्यांनाच हुरूप आलाय.

दोन प्रश्न राहिलेत. कॅलेंडरचा आग्रह करणारे बरेच आहेत, ते या पद्धतीत बसेल का? आणि आमचे काही जुने हितचिंतक आता परदेशात राहतात. त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं, पण तिकडचं टपाल, कस्टम हे आम्हाला झेपेल असं वाटत नाही.

शाईवाला

घुबड उडालं हे वाचून फार बरं वाटलं.

कॅलेंडर या पद्धतीत उत्तम बसतं, किंबहुना त्याला हीच पद्धत हवी, कारण जानेवारी उजाडला की उरलेल्या गठ्ठ्याची रद्दी होते. वर्षातली दुसरी खेप त्यासाठीच ठेवा. सप्टेंबरात फोटो निवडून मांडणी पक्की, ऑक्टोबरात ऑर्डरी, नोव्हेंबरात छपाई, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्सलं बाहेर. त्यापेक्षा उशीर करू नका. वर्षअखेरीला टपाल आणि कुरिअर दोन्ही तुंबतात. काहीशे प्रतींच्या आत असाल तर डिजिटल छपाई, पुढे ऑफसेट परवडायला लागतं. ए-फोर मापाची १७० जीएसएमची तेरा पानं भरतात जेमतेम १४० ग्रॅम, त्यामुळे टपालही हलकं. वायरो (तारेच्या कड्यांचं) बाइंडिंग पाकिटात दबून वाकडं होतं, म्हणून पुठ्ठा वायरच्या पलीकडे बोटभर पुढे येईल असा कापा. तारखा आणि वार दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासायला हवेत, लीप वर्ष असेल तर फेब्रुवारी आणि मार्च विशेष बघा.

परदेशाचं थोडं किचकट आहे, पण अशक्य नाही. टपालानं पाठवताना पार्सलावर सीएन-२२ हा छोटा जाहीरनामा लागतो, किंमत जास्त असेल तर सीएन-२३. त्यात वस्तू काय, किती, वजन, किंमत आणि एचएस कोड (कस्टमसाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा) लिहायचा. विणीच्या सुती टी-शर्टचा ६१०९१०, छापील कॅलेंडरचा ४९१०. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात. किंमत खरी लिहा. "भेटवस्तू" अशी खूण करून कर वाचवायला काही जण सुचवतील, ते करू नका. विकलेली वस्तू भेट होत नाही, आणि संस्थेचं नाव त्यावर असतं. पूर्वी छोट्या पार्सलांना सूट असायची, ती आता आटत चालली आहे. युरोपीय संघानं २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून काढून टाकली, अमेरिकेनंही ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. म्हणजे तुमच्या हितचिंतकाच्या दारात पार्सलासोबत बिलही येऊ शकतं. ऑर्डरच्या पानावरच तसं लिहून ठेवा.

तुमच्याकडे माणसं कमी आहेत, म्हणून माझं मत असं: परदेशातल्या मंडळींसाठी तेवढी गिरकींची मागणीनुसार छपाई वापरा. मोठ्या कंपन्यांची छपाई अनेक देशांत चालते. नग गिऱ्हाइकाच्याच देशात छापला गेला तर कस्टमचा प्रश्नच उरत नाही. तिथे हाती कमी उरलं तरी चालेल. फक्त त्यांचाही एक नमुना आधी कुणाकडून तरी मागवून धुवून घ्या.

चित्र पुन्हा काढून झालं की ६०० डीपीआयला काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा, करड्या छटा नकोत, आणि छापणाऱ्याला मूळ स्कॅनच द्या. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि रेघांच्या कडा फुटतात. ईमेलनं किंवा ड्राइव्हच्या दुव्यानं पाठवा, आणि सोबत छपाईची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून द्या. मोठ्यांच्या टी-शर्टला २५ ते २८ ठीक दिसते. पण स्क्रीन तीच वापरायची तर चित्र पिशवीवरही मावलं पाहिजे. म्हणून आधी पिशवीची रुंदी मोजा, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर सोडा, आणि जी उरेल ती रुंदी कळवा.